पाठ करून पाहिलेली मॅच

बुधवारी रात्री साडेनऊला तालमीच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तिकिटांचं काहीतरी असेल.

“रविवारी काय करतोयस?”

“काय करणार? मॅच हाय की.”

“हायच. पण ह्या वेळी तू बिल्ला लावायचास.”

बिल्ला म्हणजे स्वयंसेवकाचा. मागच्या हंगामात याच दोन संघांच्या फुटबॉल मॅचला आधी पाण्याची पाउच, मग बाटल्या, मग चपला आणि शेवटी दगड असं रीतसर चढत्या क्रमानं झालं होतं. म्हणून यंदा पोलिसांनी दोन्ही तालमींना सांगितलं, तुमची तुमची वीस-वीस माणसं द्या. चाळिशीच्या पुढची, पोरं ज्यांचं ऐकतात अशी. त्या यादीत माझं नाव कुणी घातलं ते अजून कळलेलं नाही. कारण मात्र सेक्रेटरींनीच सांगितलं. “एकेकाळी सगळ्यात जास्त शिव्या तूच देत होतास. कुठली कधी येणार ते तुलाच आधी कळतंय.”

दोन्ही तालमींची नावं इथं लिहीत नाही. मॅचनंतर कुणी कुणाला डिवचेल असं काही लिहायचं नाही असं बैठकीत ठरलंय आणि खाली माझी सही आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, खंडोबा, यातली कुठलीही दोन घाला. कोल्हापूरचा माणूस वासावरून ओळखेलच, आणि ओळखून चुकीचं ओळखेल, ते आणखी बरं.

बाहेरगावच्या वाचकांना दोन गोष्टी सांगायला पाहिजेत. आमच्याकडे फुटबॉलच्या संघाला तालीम म्हणतात, कारण ती खरोखरच तालीम होती. खाली हौदा, लाल माती, मारुती. तिथली पोरं संध्याकाळी चेंडूला लाथ मारायला लागली आणि कुस्तीच्या गदांच्या शेजारी फुटबॉलचे चषक येऊन बसले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, १९४० सालची. संघाच्या नावातली ‘तालीम’ कुणी काढली नाही. गणपती त्याच मंडळाचा, शिवजयंती त्याच मंडळाची, अकरा जणांची टीमही त्याच मंडळाची. त्यामुळे मॅच हरली की नुसती मॅच हरत नाही, गल्लीतलं नाक जातं, आणि ते पुढच्या मॅचपर्यंत मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की, या पेठा एकमेकींना खेटून आहेत आणि शेकडो वर्षं एकमेकींत मुली देत-घेत आलेल्या आहेत. माझी बायको पलीकडच्या पेठेची. लग्नात तिच्या भावानं मला हार घालताना कानात सांगितलं होतं, “दाजी, बाकी सगळं तुमचं. मॅचच्या दिवशी ओळख न्हाय.”

शुक्रवारी संध्याकाळी पोलिस ठाण्यात बैठक होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आमचे सगळे डावीकडे बसले आणि त्यांचे उजवीकडे, मध्ये लग्नातल्यासारखी वाट. उजवीकडच्या दुसऱ्या रांगेत मेव्हणा बसला होता, आधार कार्डाची झेरॉक्स हातात धरून. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या झेरॉक्सकडे बघितलं. दोघंही हसलो नाही.

साहेब कमी बोलले. काचेची वस्तू नको, पाण्याची बाटली नको, फटाके नकोत, दुसऱ्या तालमीच्या नावानं घोषणा नकोत. गेट दोनला उघडणार, मॅच चारला. हमीपत्रावर नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि सही. आणि स्वयंसेवकांनी जाळीला पाठ लावून, तोंड गॅलरीकडे करून उभं राहायचं.

आमच्यातला एक जण उठला. “साहेब, म्हंजे मॅच बघायची न्हाय?”

“मॅच घरी जाऊन यूट्यूबला बघा.”

त्या खोलीत दोन्ही बाजू पहिल्यांदा एकत्र हसल्या ती तेव्हाच.

मग एक जुने खेळाडू बोलायला उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी मारलेल्या फ्रीकिकच्या गोष्टी दोन्ही पेठांत सांगतात. ते म्हणाले, कलकत्त्यात १९८० साली, १६ ऑगस्टला, ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालची मॅच होती. मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली, ठिणगी गॅलरीत पडली, आणि मारामारी-पळापळीत १६ प्रेक्षक मेले. मॅच बघायला घरातनं निघालेली माणसं. “आपल्यातला अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला,” ते म्हणाले, “कोल्हापूरचं नाव त्या कारणानं पेपरात आलं तर मला चालतंय. दुसऱ्या कारणानं नको.” आणि बसले. चहा आला. तो थंडच होता.

शनिवारी मी कारखान्यात नीट लक्ष देऊन काम केलं नाही, एवढंच सांगतो.

रविवारी बाराला मैदानावर हजर. रावणेश्वराला हात जोडले, आत शिरलो. रिकामं शाहू स्टेडियम मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. पायऱ्या तापलेल्या, मैदानाच्या मध्यावर पाणी मारल्याचा ओला डाग, आणि गोलजवळची माती नेहमीसारखी उघडी. आमच्या गळ्यात बिल्ले घातले, जागा वाटून दिल्या. मला मिळाली ती आमच्या गॅलरीच्या बरोबर मधली जागा, जिथं हलगीवाले आणि घोषणा देणारी पोरं बसतात. एरवी त्या जागेसाठी मी दोन तास आधी येऊन रुमाल टाकायचो. आज जागा मिळाली, पण उलटी.

तीनपर्यंत गॅलरी भरली. पाठीमागं, मैदानापलीकडं, त्यांची गॅलरीही भरत होती. दिसत नव्हती, पण आवाज जाड होत गेला त्यावरून कळत होतं. समोर माझीच माणसं. ज्यांच्यात मी वीस-बावीस वर्षं बसलो, त्यांना समोरून मी कधी बघितलंच नव्हतं. पोरं मला बघून ओरडायला लागली, “काका, शिवी द्या की एक!” एकानं तर माझी जुनी, स्वतः रचलेली घोषणा सुरू केली. ती इथं लिहिता येणार नाही. त्यांना गप्प करताना मला आतून जरा अभिमानच वाटत होता, हे खरं सांगितलं पाहिजे.

चार वाजता शिट्टी झाली. पहिल्या दहा मिनिटांत माझी मान तीन वेळा वळली. तिसऱ्या वेळी जवळचा हवालदार आला, माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं काही न बोलता माझे खांदे दोन्ही हातांनी धरले आणि न्हाव्यानं खुर्ची फिरवावी तसं मला गॅलरीकडं फिरवलं. “काका, त्वांड तिकडं.” समोरची पाचशे पोरं हसली. त्यानंतर मी वळलो नाही.

मी उद्यमनगरात लेथवर पंचवीस वर्षं काढलीत. टूल बोथट झालं, जॉब चकमध्ये सैल बसला, कास्टिंगमध्ये पोकळी लागली, हे बघायच्या आधी कानाला कळतं. वीसेक मिनिटांनी तसंच व्हायला लागलं. चेंडू मध्यावर रेंगाळतोय तेव्हा गॅलरी गप्पा मारते, शेंगा खाते, मोबाईल बघते. आवाज सपाट असतो. चेंडू आमच्या विंगरकडं गेला की खालच्या चार पायऱ्या आधी उठतात, कारण त्या साईडलाइनला जवळ. मग उठणं वर वर चढत जातं. फटका बाहेर गेला तर सगळे हात एकदम डोक्यावर. ऑफसाईडला मात्र मजा असते: अर्धी माणसं लाईनमनकडं बघून आधीच शिवीचा ‘आ’ करतात आणि उरलेली अर्धी अजून आनंदात असतात.

आणि एक आजोबा होते. आठव्या पायरीवर, पांढरा सदरा, टोपी, खांद्यावर टॉवेल. ओरडत नव्हते, उठत नव्हते. नुसता टॉवेल पिळत होते. चेंडू त्यांच्या गोलजवळ गेला की टॉवेल सैल, आमच्या गोलजवळ आला की पीळ. थोड्या वेळानं मी बाकी सगळं सोडून त्या टॉवेलकडं बघायला लागलो. कॉमेंट्रीपेक्षा खात्रीचा होता.

आमचा गोल पूर्वार्धातच झाला. तो मी असा बघितला: टॉवेल सैल झाला. खालच्या पायऱ्या उठल्या. हलगी अर्ध्या ठोक्यावर थांबली. मग एक क्षण असा आला की समोरची सगळी तोंडं उघडी होती आणि आवाज काहीच नव्हता. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात वरनं खाली येताना पोटात होतं तसं माझ्या पोटात झालं. आणि मग गॅलरी माझ्या अंगावर आली. म्हणजे खरोखरच आली. जाळीपर्यंत पोरं उतरली, मला मिठ्या मारायला लागली, मी त्यांना मागं ढकलतोय आणि ढकलता ढकलता उड्याही मारतोय. हवालदारानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. कुणी मारला ते विचारलं तर चार जणांनी चार नावं सांगितली. शेवटी ठरलं, आमच्या नायजेरियन स्ट्रायकरनं. त्याला पोरं ‘पैलवान’ म्हणतात.

हाफ टाईमला स्वयंसेवकांना पाणी द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. बाटल्या आत आणायच्या नाहीत हा नियम आम्हीच दोन तास गेटवर राबवला होता, तेव्हा बोलायलाही जागा नव्हती. एका पोरानं पाउच दिलं, ते मी फेकण्याआधीच रिकामं केलेलं एकमेव पाउच असावं.

उत्तरार्धात टॉवेल सैल झालाच नाही. पीळ, पीळ, पीळ. पोरांच्या घोषणा बारीक झाल्या आणि शिव्या वाढल्या. सेक्रेटरींचं बरोबर होतं, मला दोन सेकंद आधी कळत होतं. एखादा पोरगा श्वास आत घ्यायला लागला की मी त्याच्याकडं बोट करायचो आणि तो श्वास तसाच सोडून द्यायचा. कारण शिवी कधी एकटी नसते. पहिल्या शिवीला समोरून उत्तर येतं, उत्तराला पाउच जातं, आणि पुढचा क्रम वर सांगितलाच आहे.

त्यांचा गोल संपायला थोडा वेळ असताना झाला. याला आवाजाची वेगळीच तऱ्हा असते. आपल्या गोलचा आवाज समोरून अंगावर येतो. त्यांचा पाठीमागून आला, आख्ख्या मैदानावरून लोळत, आणि तो माझ्या मानेपर्यंत पोचायच्या आधीच समोरची तोंडं विझली होती. वीज गेल्यावर घरं विझतात तशी, खालच्या पायरीपासून वरपर्यंत. आजोबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मला तेवढ्यातही वाटलं, पाठीमागं मेव्हणा आता माझ्यासारखाच जाळीला पाठ लावून उभा असणार आणि त्याच्या अंगावर त्याची गॅलरी आली असणार. मैदानाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, एकमेकांना पाठ करून.

एक-एक. टायब्रेकर.

टायब्रेकर न बघणं हे बघण्यापेक्षा सोपं असेल असं मला वाटलं होतं. नाही. शिट्टी ऐकू येते, मग बुटाचा चेंडूवरचा ‘धप’, आणि मग आवाज कुठून येतो ते कळेपर्यंत जो काही वेळ जातो त्याला माप नाही. समोरून आला, आमचा गोल. मागून आला, त्यांचा. पुन्हा समोरून. पुन्हा मागून. आमच्या तिसऱ्या पेनल्टीला ‘धप’ ऐकू आला आणि आवाज मागून आला. म्हणजे त्यांच्या किपरनं अडवला. समोर कुणी काही बोललं नाही. एका बाईनं, हो, बायकाही येतात आता, पदर तोंडाला लावला.

त्याच वेळी डावीकडं जाळीवर काहीतरी हललं. सतरा-अठराचा पोरगा, जाळीवर निम्मा चढलेला. मी धावलो आणि हाताला लागला तो त्याचा पाय धरला. पायात चप्पल नव्हती, टाच घामानं निसरडी, दोन्ही हातांनी घोटा धरायला लागला. त्याच्या मुठीत पायरीचा निघालेला सिमेंटचा टवका होता, लिंबाएवढा. डोळे लाल. मी एरवी ज्याला ‘वाघ’ म्हणून पाठीवर थाप मारली असती असा पोरगा.

“खाली उतर.”

“सोडा काका. किपर पुढं आलाय लाईनीच्या. रेफ्रीला दिसत न्हाय.”

ते खरंही असेल. मी बघितलंच नव्हतं. माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच. “तुझ्या आईचं म्हायार कुठलं?”

तो गोंधळला. त्यानं पेठेचं नाव सांगितलं. पलीकडच्याच.

“मामा आलाय आज?”

थोडा वेळ गेला. “आलाय.”

“कुठं बसलाय?”

त्यानं मैदानापलीकडं बघितलं. मी नाही बघितलं, मला त्याचं तोंड दिसत होतं. “हितनं वळखू येत न्हाय,” तो म्हणाला.

“मग कुणाला लागंल ते तुला कसं कळणार?”

तो लगेच उतरला, असं काही झालं नाही. तो तसाच लटकून राहिला, मी घोटा धरून उभा राहिलो, आणि आमच्या डोक्यावरून मागून एवढा मोठा आवाज आला की विचारायची गरजच उरली नाही. संपलं होतं. त्यांची शेवटची पेनल्टी जाळ्यात गेली तेव्हा माझ्या हातात एका अनोळखी पोराचा पाय होता. मग तो उतरला. टवका त्यानं माझ्या हातात दिला, जसं पोरं वर्गात पकडल्यावर बाईंच्या हातात गोट्या देतात. मी तो खिशात घातला. फेकायचा तरी कुठं?

जिंकलेल्यांना आधी सोडलं, आम्हाला अर्धा तास आत ठेवलं. हा नियम कुणी काढला माहीत नाही. हरलेल्या माणसाला जिंकलेल्याची हलगी अर्धा तास भिंतीपलीकडून ऐकवायची, यात कसली शांतता? पण बाहेर दोन्ही एकत्र सोडले असते तर काय झालं असतं, तेही मला माहीत आहे. मी त्यात असायचो. थोडं काहीतरी झालंच: दोन पाउच उडाली, एक खुर्ची मोडली, आणि आमच्याच एका कार्यकर्त्यानं आमच्याच दुसऱ्या कार्यकर्त्याची कॉलर धरली, तिसऱ्या पेनल्टीला त्या पोराला का पाठवलं म्हणून. ते भांडण अजून चालू आहे. दगड मात्र एकही नाही. एक होता, तो माझ्या खिशात.

साडेसातला बिल्ला परत दिला, सही केली. खासबागेवरून चालत आलो. १९१२ सालचं ते कुस्त्यांचं मैदान, कुठल्याही कोपऱ्यात बसा, कुस्ती दिसते म्हणतात. दाराशी जरा थांबलो. भेळेच्या गाड्यावर दोघं जण आमच्या टायब्रेकरचं पोस्टमॉर्टेम करत होते. मिरजकर तिकटीकडून गुलालात न्हालेल्या चार गाड्या गेल्या. कुणी ओळखलं नाही.

घरी पोचलो तर दारातच मोबाईल वाजला. मेव्हणा.

“दाजी.” घसा पार बसलेला.

“बोला पावणं. अभिनंदन.”

“ते राहू द्या. आमचा गोल कसा झाला हो? हितं प्रत्येक जण येगळंच सांगतोय. एक म्हणतोय हेडर, एक म्हणतोय तुमच्या बॅकच्या पायाला लागून गेला.”

“मला काय म्हाईत? माझी पाठ होती.”

“माझी बी.”

दोघंही गप्प. मग तो म्हणाला, “तुमचा तरी सांगा, तुमचा कसा झाला?” आणि मला हसूच आलं.

आतून ही बाहेर आली, हात पदराला पुसत. तिच्या तोंडावर माहेर जिंकल्याचं तेज होतं आणि ते लपवायचा तिनं फारसा प्रयत्न केलेला नव्हता.

“फोन स्पीकरवर टाका,” ती म्हणाली. “मी बघितलो की सगळी. यूट्यूबला. पहिल्यापास्नं.”

मी जेवायला बसलो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तिनं माझ्या ताटातली कांद्याची फोड उचलून भाकरीच्या कडेला ठेवली. “हा तुमचा उजवा बॅक. आता ह्यो,” लिंबाची फोड, “आमचा. कॉर्नर हिकडनं आला. तुमचा बॅक बघाया लागला किपरकडं, किपर बघाया लागला बॅककडं...”

“मग?” तांब्याकडून मेव्हण्याचा आवाज आला.

“सांगतो की,” ती म्हणाली आणि लिंबू उचललं.